तिसऱ्या खड्ड्यावरची उडी

माझ्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर एक बादली असायची. बादलीत जाड फडकं, भिंतीला खिळा, आणि खिळ्याच्या वर मी स्वतः रंगवलेली पाटी: 'हात धुवा. फडक्याने पुसा. फडकं पिळून खिळ्याला लावा. मगच रिमोटला हात लावा.' जाणारेयेणारे हसायचे. हे गेमचं दुकान आहे की देऊळ, असं विचारायचे. मी म्हणायचे, देवळात पाय धुऊन जाता ना, मग इथे हात धुवायला काय झालं? हात धुतल्याशिवाय मी कोणाला आत घेत नसे.

तिरोड्यात मला सगळे 'गेमवाली वहिनी' म्हणतात. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेली मी. वर्गात मी एकटीच मुलगी होते. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी सरांनी मला खुर्ची दिली आणि मुलांना उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मीच खुर्ची परत केली, कारण बसून सोल्डरिंग शिकता येत नाही. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासरी पहिली दोन वर्षं मी फक्त घरचाच टीव्ही उघडत होते. १९९९ साली समोरच्या खोलीत दुकान टाकलं. एका बाजूला टेबलावर दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला दोन टीव्ही आणि त्यांना जोडलेले दोन व्हिडिओ गेम. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना वाटलं, पोरं बिघडवण्याचं एक दुकान शाळेतून दिसतं तेवढं पुरे होतं, आता दुसरं घरातच आलं. पण मला अडवलं मात्र नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गेमचा एक चपटा डबा असायचा. त्यात वरून कॅसेट खोचायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं की आत हजारो गेम आहेत. प्रत्यक्षात सात-आठच असायचे आणि तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून यायचे. डब्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन रिमोट. रिमोटच्या डाव्या बाजूला दिशांचं अधिक चिन्ह, उजव्या बाजूला दोन गोल बटणं. गेम लागला नाही की लोक कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचे. सगळा भारत फुंकायचा. त्या फुंकरीतली थुंकी आतल्या पितळी पट्ट्यांवर बसून त्या आणखी खराब व्हायच्या. मी शाळकरी पोरांच्या खोडरबराने त्या पट्ट्या घासायचे, की कॅसेट नवी.

रिमोटचं दुखणं वेगळं. बटणाखाली रबराची टोपी असते आणि टोपीच्या पोटात काळा ठिपका. बटण दाबलं की तो ठिपका खालच्या तांब्याच्या नक्षीला टेकतो आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतो. ठिपका झिजला की माणूस जागचा हलत नाही. नवा रिमोट गोंदियाहून आणावा लागे, म्हणून मी चित्रकलेच्या मऊ पेन्सिलीने ठिपका काळा करायचे. महिनाभर तरी काम भागायचं. पण हाताची धूळ आत शिरली की पेन्सिलही उपयोगाची नाही. बादली आणि पाटी त्यासाठी होती.

धूळ कसली म्हणाल, तर कोंढ्याची. आमच्याकडे राईस मिली. दुपारच्या सुट्टीत मिलमधली पोरं यायची ती केसांपासून पापण्यांपर्यंत पांढुरकी होऊन. त्यांच्यात हेमराज होता. जवळच्या गावच्या पोवारांचा, घरची थोडी बांधी म्हणजे धानाची शेती, आणि मिलमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली. अंगाने काटक, बोलायला कमी, शीळ मात्र कायम चालू. पुढे तोच त्या मिलचा मिस्त्री झाला. दोन रबरी रोलरांमधली फट किती ठेवायची हे तो तळहातावर तांदूळ चोळून ठरवायचा. फट जास्त झाली तर टरफल निघत नाही, कमी झाली तर दाणा फुटतो. मालक म्हणायचा, मशीन मी विकत घेतली, पण ती चालते हेमराजच्या हातावर.

हा हेमराज हात धुवायचा, पुसायचा, पण फडकं कधी पिळायचा नाही. ते ओलं गच्च खिळ्याला लटकायचं आणि खाली उंबऱ्यावर चिखल. मी ओरडायचे. तो म्हणायचा, "वाळून जाईल ना वहिनी, कायले जीव जाळून राहिल्या?" आणि जाऊन खेळायला बसायचा.

खेळायचा मात्र असा की बाकीचे आपली पाळी सोडून बघत बसायचे. एक उडीवाला गेम होता. माणूस पळतो, मध्ये खड्डे येतात, उडी मारून पार करायचे. पहिल्याच टप्प्यातला तिसरा खड्डा रुंद. लोक घाबरून आधीच बटण दाबायचे आणि मधोमध पडायचे. हेमराज माणसाला अगदी काठावर आणायचा, पाय अर्धे हवेत गेले की मग अंगठा दाबायचा. कधी चुकला नाही. मी विचारलं, तुला कसं कळतं रे? तो म्हणाला, "पट्टा घसराच्या पहिले मशीनचा आवाज बदलते, तवा हात आपोआप जाते. हे बी तसंच आहे." आणि त्या गेमचं जे किणकिणणारं गाणं होतं, तेच त्याच्या शिळेत असायचं. मिलमध्ये, सायकलवर, बांधीत, सगळीकडे.

अशी पाच-सहा वर्षं दुकान जोरात चाललं. मग घरोघरी संगणक आले, मोबाइल आले. इकडे मोठा वीज प्रकल्प उभा राहिला, बाहेरची माणसं राहायला आली आणि त्यांच्याबरोबर भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही आले. मी गेमचा कोपरा बंद करून दुरुस्तीवर राहिले. बादली आणि पाटी मात्र काढली नाही. सवय.

याच दिवसांतली माझी एक फजिती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चोरखमारा गावाकडचे एक गृहस्थ जुना गेमचा डबा आणि त्याची बंदूक घेऊन आले. पाखरं मारायचा गेम असायचा, त्याची ती प्लास्टिकची बंदूक. म्हणाले, एकही पाखरू मरत नाही. मी बंदूक उघडली, आतली तार बदलली, दिली. आठ दिवसांनी परत. मी दुसरी बंदूक दिली. परत. तिसऱ्या वेळी मी त्यांना म्हटलं की तुमचा नेमच खराब आहे. गृहस्थ एकेकाळच्या शिकाऱ्यांच्या घरातले. त्यांचं तोंड पडलं आणि ते डबा उचलून निघून गेले.

नंतर मला कळलं की त्यांनी घरी नवा चपटा टीव्ही घेतला होता. त्या बंदुकीची गंमत अशी की ती काहीच मारत नाही, ती बघते. तुम्ही घोडा ओढला की पडदा पापणी लवते तेवढा वेळ काळा होतो आणि पाखराच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा त्या क्षणी उजेड शोधतो. जुना काचेचा टीव्ही सांगितलेलं चित्र त्याच क्षणी दाखवायचा. नवा टीव्ही चित्र आधी आत घेतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. म्हणजे नेम बरोबर, बंदूक बरोबर, आणि दोष मी दिला माणसाला. त्यांची माफी मागायला गेले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच वर्षी जागा अडते म्हणून दुकानातले सगळे जुने काचेचे टीव्ही मी भंगारात घातले. त्याचंही वाईट वाटतं, पण ते नंतर.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी एका सकाळी एक बाई दुकानात आली. तिने आधी पाटी वाचली, मग हात धुतले, फडकं पिळून लावलं. मी म्हटलं, बाई, आता गेम नाही इथे, हात धुवायची गरज नाही. ती म्हणाली, "मी हेमराजची घरवाली. सुनीता. ते सांगत होते, हात धुतल्याबिगर वहिनी बोलत नाही."

हेमराजला लकवा झाला होता. चाळिशीही गाठली नव्हती. उजवी बाजू गेली. गोंदियाच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय हळूहळू चालायला लागला, पण उजवा हात मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटांत जान आहे, पण ती रोज हलवली पाहिजेत. आता पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, नंतर कठीण. पिळायला रबरी चेंडू दिला होता. हेमराजने तो अंगणात फेकून दिला.

"बोलतच नाही," सुनीता म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून राहते. मालक आले होते पाहाले, त्यायच्यासमोर हात दुपट्ट्यात लपवला. म्या मनात म्हटलं, कोनती गोष्ट अशी आहे का जे हातानं कराले त्याले आवडत होतं? तर मिल. अना तुमचा गेम. मिल तं मी घरी आनू शकत नाही, ताई."

मी त्या बाईकडे बघतच राहिले. शिकलेली सातवीपर्यंत, पण जे मोठमोठ्यांना सुचलं नसतं ते तिला सुचलं होतं.

घरी त्यांच्याकडे चपटा टीव्ही होता, आणि माझे काचेचे तर भंगारात गेलेले. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता आणि जुन्या गेमच्या डब्याचं सोंग घेणारा एक प्रोग्राम. दंडारीच्या नाटकात गडी लुगडं नेसून बाईचं सोंग आणतो, तसा हा प्रोग्राम लॅपटॉपच्या आत त्या डब्याचं सोंग आणतो. गेमला वाटतं आपण आपल्या घरीच आहोत. कुठल्या कुठल्या देशांत बसलेल्या लोकांनी निव्वळ प्रेमापोटी हे प्रोग्राम लिहिलेत, जुन्या डब्याच्या खोडीसुद्धा जशाच्या तशा उतरवल्यात. त्या माणसांना मी मनातल्या मनात हात जोडते. नवा रिमोट विकत आणला, सगळं पिशवीत घातलं आणि त्यांच्या गावी गेले.

हेमराज छपरीत खाटेवर बसला होता. एका बाजूने ओठ ओघळलेला. मला बघून हसायचा प्रयत्न केला आणि तोंड फिरवलं. मी जणू रोजच येते अशा थाटात टीव्हीला वायर जोडली. गेम सुरू झाला. तो बघत राहिला. "याचं तोंड असं नव्हतं," एवढंच म्हणाला. खरं होतं. नव्या पडद्यावर त्या माणसाचा एकेक चौकोन विटांसारखा वेगळा दिसत होता. सुनीताने रिमोट त्याच्या हातात दिला, उजव्या हाताची बोटं एकेक करून त्याच्याभोवती बसवली आणि अंगठा बटणावर ठेवला.

पहिल्या खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. अंगठा थरथरत खाली जायचा, बटण दाबलं जायचं, आणि माणूस खड्ड्यात गेल्यावर मग उडीचा आवाज यायचा. दहा-बारा वेळा तसंच झालं. मी म्हणत होते, "येईल हळूहळू, हाताला सवय नाही अजून." हेमराजने डाव्या हाताने रिमोट उचलून खाटेवर ठेवला.

"हात मेला, वहिनी," तो म्हणाला. "कायले सर्वायले दाखवून राहिल्या?" आणि भिंतीकडे तोंड केलं. सुनीता मला पोचवायला फाटकापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात दुरुस्त करून ठेवलेला एक चपटा टीव्ही होता. त्याला लॅपटॉप जोडून मी स्वतः खेळायला बसले. आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. मी. त्या खड्ड्यावरून मी हजारदा गेले असेन, हातात चहाची कपबशी असतानाही. माझ्या हाताला तर लकवा नव्हता.

मग एक करून बघितलं. आवाज टीव्हीतून येत होता तो बंद केला आणि लॅपटॉपच्याच स्पीकरमधून चालू केला. बटण दाबलं. लॅपटॉपमधून 'टुंग' झालं, आणि त्यानंतर टीव्हीवरचा माणूस उडाला. दोघांत थोडंसं अंतर, पण कानाला स्पष्ट कळेल इतकं. चोरखमाऱ्याचे ते गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. टीव्ही उशीर करत होता, आणि मी पुन्हा एकदा दोष माणसाला दिला होता. त्या वेळी निदान बाहेरच्या माणसाच्या नेमाला दिला होता. आता एका आजाऱ्याला त्याच्या तोंडावर सांगून आले होते की हाताला सवय नाही. मी तिथेच बसून रडले. मग डोळे पुसले आणि कामाला लागले, कारण रडून टीव्ही लवकर दाखवत नाही.

चार दिवस दुकानाचं दुसरं काम घेतलं नाही. टीव्हीच्या आतल्या पर्यायांत शोधता शोधता एक जागा सापडली, जिथे हे घासणं-पुसणं बंद करता येतं. चित्र थोडं फिकट पडतं, पण वेळेवर येतं. लॅपटॉपमध्येही असे दोन-तीन उशीर लपलेले होते, ते काढले. पडद्यावर आडव्या बारीक काळ्या रेघा टाकल्या. त्याने चौकोनांच्या कडा विरघळल्या आणि माणसाचं तोंड माणसासारखं दिसायला लागलं. जुन्या काचेचा जो धूसरपणा आम्ही दोष समजत होतो, तो गेम बनवणाऱ्यांनी हिशोबात धरलेला होता, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं. इतक्याशा जागेत, इतक्या थोड्या रंगांत त्यांनी जे केलं त्याला तोड नाही.

राहिला रिमोट. बाजारातल्या नव्या रिमोटची बटणं टणक होती. माळ्यावरून माझे जुने रिमोट काढले. त्यातल्या एकाचं उडीचं बटण मधोमध झिजून खोलगट झालेलं होतं, आणि ते कोणाच्या अंगठ्याने झिजलंय हे मला ठाऊक होतं. नव्या रिमोटची आतली सर्किटची पाटी काढून या जुन्या खोक्यात बसवली, वायरी जोडल्या, जुन्याच रबराच्या टोप्या ठेवल्या, आणि ठिपके पेन्सिलीने काळे केले.

निघण्याआधी सुनीताचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, गेम थोडा सोपा नाही होत काय? त्यायले न सांगता?" होत होता. एक बटण दाबलं की गेम हवा तितका हळू करता येत होता. मी म्हटलं, "नोको. मिस्त्री आहे तो. एकदा कळलं ना, तर मंग तुझ्या-माझ्या कोणाच्याच हातचं खरं मानणार नाही." ती बरं म्हणाली.

या वेळी हेमराज भिंतीकडून वळायला तयार नव्हता. मी खाटेजवळ बसले आणि सरळ सांगितलं, "मागच्या खेपेला चूक माझी होती. टीव्ही उशीर करून राहिला होता. मी बी पडली पहिल्याच खड्ड्यात." तो वळला. माझ्या तोंडाकडे बघितलं, मी खोटं बोलते का ते. मग जुना रिमोट बघितला. डाव्या हाताचं बोट त्या खोलगट बटणावरून फिरवलं. "हा आपला होये," म्हणाला.

त्यांच्या टीव्हीतही ते घासणं-पुसणं बंद करून मी गेम लावला. अंगठा खाली गेला आणि माणूस उडाला. त्याच क्षणी. हेमराजच्या भुवया वर गेल्या. पहिला खड्डा पार झाला, दुसरा तीन-चार प्रयत्नांत झाला. तिसऱ्यावर मात्र पडायला लागला. काठावर आणायचा, अंगठा दाबायचा, आणि माणूस आधीच खाली गेलेला. पुन्हा तो चेहरा आक्रसायला लागला. मला काही सुचेना. उशीर तर काढलेला होता.

सुनीता दाराशी सुपात तांदूळ पाखडत होती. गेम तिने कधी बघितलेला नव्हता. सूप थांबवून ती म्हणाली, "ताई, गाणं घाईत आहे."

"काय?"

"गाणं. हे शीळ घालत होते तसं नाही. सूर तोच आहे, पर पळून राहिलं."

मी कपाळावर हात मारला. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे, आपल्याकडचे पन्नास. मूळ गेम साठच्या हिशोबाने बनलेला. पण आपल्याकडे जे डबे यायचे ते पन्नासने चालायचे, म्हणून आपला गेम जरा सावकाश पळायचा आणि त्याचं गाणंही. सगळ्या विदर्भाने तो तसाच खेळला, तसाच ऐकला. प्रोग्राम मात्र साठनेच चालत होता. हे मला, वीस वर्षं सोल्डरिंग करणाऱ्या बाईला, कळलं नव्हतं. नवऱ्याची शीळ ऐकत संसार केलेल्या बाईला कळलं.

मी पर्याय बदलून पन्नास केलं. हेमराजने दोन पावलं माणसाला चालवलं आणि हात थांबवला.

"ढिला केला," तो म्हणाला. "माह्यासाठी ढिला केला ना, वहिनी?"

"नाही रे. असाच होता हा."

"लाचार समजून राहिल्या काय मले?" त्याने रिमोट मांडीवरून सरकवला. मी पन्नास-साठचं समजावलं. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे म्हणत होते की बाई शिकलेली आहे, काहीही सांगेल. मला भीती वाटली. आता हा जो फिरेल तो पुन्हा वळायचा नाही.

सुनीता सूप ठेवून उठली. "तुमी मशीन कशी तपासता? कोनाच्या सांगण्यावर? नाही ना. मंग आइका," ती त्याला म्हणाली. मला म्हणाली, "ताई, पहिले जसं होतं तसं लावा. मी सुरू केलं का आवाज बंद करजा. हात वर केला का चालू."

मी साठवर लावलं. गाणं सुरू झालं, तिने त्याच्यासोबत गुणगुणायला सुरुवात केली, मी आवाज बंद केला. ती एकटी गुणगुणत राहिली, डोळे मिटून, मांडीवर बोटाने ठेका धरून. या माणसाला आता शीळ घालता येत नव्हती, ओठ आवळत नव्हते. त्याची शीळ तिच्याकडे जपून ठेवलेली होती. तिने हात वर केला. मी आवाज सोडला. टीव्ही कितीतरी पुढे निघून गेला होता.

मग पन्नासवर लावलं. तेच पुन्हा. या खेपेला तिने मुद्दाम बराच वेळ हात वर केला नाही. हेमराज तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तिने हात वर केला, मी आवाज सोडला, आणि टीव्हीचं गाणं तिच्या गुणगुणण्यात असं मिसळलं की दोन आवाज आहेत हे कळेना.

हेमराजने डाव्या हाताने रिमोट उचलला आणि उजव्या हातात स्वतः बसवला.

तिसऱ्या खड्ड्यात तो पुन्हा पडला. पण पडल्यावर जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "या टाइमाला म्या उशिरा दाबलं." हात मेला म्हणाला नाही. टीव्ही खरं बोलत होता, गेम खरं बोलत होता, म्हणून जी चूक उरली ती त्याची स्वतःची होती, आणि स्वतःची चूक दुरुस्त करायला तो मिलमध्ये शिकलेला होता. त्या दिवशी तो खड्डा पार झाला नाही. मी निघाले तेव्हा तो खेळतच होता.

पार झाल्याचं आठ-दहा दिवसांनी सुनीताने फोनवर कळवलं. पुढे रोज सकाळ-दुपार तो बसायचा. गेमने हात बरा केला असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर डॉक्टर मला बोलतील आणि बरोबरच बोलतील. तेलमालीश सुनीताने केली, औषधं वेळेवर दिली, फेकलेला चेंडू अंगणातून उचलून आणून त्याच्या उशाशी ठेवला. पण तो चेंडू त्याने हातात घेतला तो तिसरा खड्डा पार झाल्यावर, एवढं मी खात्रीने सांगते.

माझ्या कामाबद्दल लिहा असं एकांनी सुचवल्यावर मला वाटलं होतं की दुरुस्त केलेल्या वस्तूंबद्दल लिहावं. पण खरं सांगायचं तर वस्तूंपेक्षा जास्त मी माझे निष्कर्षच दुरुस्त करत आले. यंत्र बिघडलं की आपण आधी माणसाकडे बघतो. मी तर यंत्रांचं शिक्षण घेतलेली, तरी बघितलं.

धानाची कापणी संपली त्या सुमाराला एका दुपारी मी टेबलावर एक पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसले होते. बाहेर बादलीचा आवाज आला. मान वर करून बघितलं तर हेमराज. एकटा. बसने आला होता. पाय किंचित ओढत होता, केसांवर मात्र बारीक पांढरी धूळ. मालकाने अर्धा दिवस बोलावलं होतं, रोलरची फट बघायला. ते त्याने नंतर सांगितलं. तेव्हा त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

त्याने उजवा हात बादलीत घातला, मग डावा. एकाने दुसरा चोळला. फडकं घेतलं, दोन्ही हात पुसले. फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, वर काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि पिळायला लागला. उजवी मूठ सुटायची, तो पुन्हा धरायचा. पाटीकडे एकदाही बघितलं नाही. तोंडात काहीतरी फुसफुसत होतं. नीट कान दिल्यावर कळलं की ती शीळ होती, निम्मी हवाच, पण चाल बरोबर पन्नासची. बऱ्याच वेळाने त्याने फडकं खिळ्याला लावलं आणि उंबऱ्यात उभा राहिला. मी रेग्युलेटरमध्ये डोकं घातलेलं होतं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते मला त्याला दाखवायचे नव्हते.

"पिळलं, वहिनी," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मान वर न करता म्हटलं, "अजून पानी गळून राहिलं."

तो मागे वळला, फडकं खिळ्यावरून काढलं आणि पुन्हा पिळायला लागला.